पॅकिंगमधलं केमिकल दुधात उतरतं का? डबे घेण्याआधी हे वाचा

दुकानात बासुंदी ठेवायला सुरुवात केली तेव्हा मी सर्वांत स्वस्त डबे आणले आणि बासुंदी गरम असतानाच भरली. दुसऱ्या दिवशी एक काकू डबा परत घेऊन आल्या. "दादा, प्लॅस्टिकचा वास येतोय." पैसे परत दिले, सगळा माल टाकला. नंतर कळलं की वास आला हे नशीबच. बरीच केमिकल्स वास किंवा चव न देताच उतरतात.

पॅकिंगमधला अंश पदार्थात उतरतो, त्याला मायग्रेशन म्हणतात. उष्णता आणि वेळ जास्त, तितकं ते जास्त. त्यात दुधात फॅट असतं आणि शाई-प्लॅस्टिकमधली अनेक केमिकल्स फॅटमध्ये सहज विरघळतात.

२००५ मध्ये इटलीत बाळांच्या दुधात आयटीएक्स हे छपाईच्या शाईतलं केमिकल सापडलं. शाई तर कार्टनच्या बाहेर होती! पण छापलेला कागद रोल करून ठेवला की बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते. अंश तिथून आत गेला. सापडलेल्या प्रमाणात आरोग्याला धोका नाही, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं पुढे सांगितलं. पण तोवर लाखो लिटर दूध जप्त झालं होतं.

मग हे तपासतात कसं? दोन टप्पे आहेत.

१. एकूण मायग्रेशन: लॅब पदार्थाऐवजी त्याच्यासारखं वागणारं द्रावण प्लॅस्टिकच्या संपर्कात ठरलेल्या तापमानाला, ठरलेला वेळ ठेवते. मग ते आटवून मागे राहिलेला अंश वजन करते. आपल्याकडे ही टेस्ट आयएस ९८४५ नुसार होते. मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम.

२. नेमकं केमिकल: क्रोमॅटोग्राफीनं घटक वेगळे करतात, मास स्पेक्ट्रोमीटरनं ते ओळखतात. वजनात न दिसणारा सूक्ष्म अंशही इथे सापडतो.

आपल्याला मशीन घ्यायचं नाही, सप्लायरला तीन प्रश्न विचारायचे:

• याच मालाचा आयएस ९८४५ चा रिपोर्ट आहे का? लॅब एनएबीएल मान्यताप्राप्त आहे का?
• मी ज्या तापमानाला भरणार, त्याला टेस्ट झाली आहे का?
• शाई आयएस १५४९५ नुसार आहे का?

नुसतं "फूड ग्रेड आहे हो" हे उत्तर चालवून घेऊ नका. रिपोर्ट नसेल तर दुसरा सप्लायर शोधा. मी तेच केलं. डबा थोडा महाग पडतो, पण काकू आजही बासुंदी नेतात.