दरडीच्या यादीत न मावणारी माणसे

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर समाजाची ही वाडी, वस्ती २२८. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. वाडीतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे एका रात्रीत गेली. आधीच्या तीन दिवसांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता आणि कारण म्हणून तोच आकडा सर्वत्र सांगितला गेला. आकडा खरा आहे, पण कारण तेवढ्यावर संपत नाही.

आपत्तीचा सामाजिक अभ्यास इथूनच सुरू होतो. १९७६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ओकीफ, वेस्टगेट आणि विस्नर या अभ्यासकांनी ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दातील ‘नैसर्गिक’पणालाच हरकत घेतली. त्यांचे म्हणणे सोप्या शब्दांत असे : पाऊस, भूकंप, दरड हा झाला धोका. त्याची आपत्ती होते ती माणसांच्या परिस्थितीमुळे. ती माणसे त्या जागी का राहतात, त्यांना दुसरी जागा आहे का आणि मदत किती वेळात पोचते, हे प्रश्न मातीच्या चाचणीइतकेच महत्त्वाचे ठरतात.

हे प्रश्न इर्शाळवाडीला लावून पाहू. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. पायथ्यापासून तासाभराहून अधिक चढण. त्यामुळे यंत्रे वर गेली नाहीत, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरले नाही आणि चिखल कुदळ-फावड्याने उपसावा लागला. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेले, तेव्हा गाव दिसत नाही हे एसटीच्या चालकाच्या लक्षात आले आणि बातमी बाहेर पोचली. ज्या वाडीला एसटीच नाही, तिची बातमी कोण आणणार?

रस्ता का नाही, याचे उत्तर बहुधा ‘वनजमीन’ असे मिळते. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात रस्ता, शाळा, अंगणवाडी अशा तेरा सोयींसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवण्याची तरतूद आहे. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही, म्हणून इथल्या आदिवासींना पेसा कायद्याचे बळ नाही; वनहक्क कायदा मात्र लागू आहे. याच डोंगररांगांत आमच्या भिवपुरीला १९२२ पासून पाण्यावर वीज तयार होते आणि इर्शाळगडाच्या परिसरातील मोरबे धरण नवी मुंबईला पाणी देते. तेव्हा डोंगरात बांधकाम अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

कातकरी वाड्यांचा प्रश्न आणखी वेगळा. दिवाळी झाली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळसा पाडायला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सर्वेक्षण मात्र कोरड्या दिवसांत होते. तेव्हा घराला कुलूप असते आणि माणूस नोंदीबाहेर राहतो. दरडीचे दिवस येतात तेव्हा तोच माणूस घरात असतो. पुढे मदतीसाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा, घराची नोंद मागितली जाते. बेपत्ता माणसाला मृत मानायला कायद्याचा सर्वसाधारण नियम सात वर्षांचा आहे. कागदच नसलेल्या कुटुंबाला त्यातून लवकर वाट काढणे फार कठीण.

पुनर्वसनातही हेच तपासावे लागते. खाली पक्के घर मिळाले, तरी वरची नाचणी-वरीची जमीन, गुरांचे रान आणि रानभाजी वरच राहते. पोटासाठी माणूस पुन्हा चढणारच. म्हणून घराबरोबर शेतापर्यंतची वाट आणि वनहक्काचा दावा यांचाही निकाल लागायला हवा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. गावाऐवजी वाडी हे एकक धरावे. मोजणी ज्येष्ठात, माणसे परतल्यावर करावी. भेगा, झऱ्याचे गढूळ झालेले पाणी, कललेली झाडे यांविषयी वाडीतल्या जुन्या माणसांना विचारावे आणि ते लिहून ठेवावे. प्रत्येक वाडीला जवळच पावसाळी आसरा ठरवून द्यावा. ही यादी दर पावसाळ्याआधी ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली, तर कोणाचे नाव राहिले आहे ते तिथेच कळेल.