नवरीचा चेहरा करडा का दिसतो?

लग्नसराई लागली की यावलच्या पार्लरमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते : "ताई, पोरीला दोन शेड गोरी करा." मग मांडवात नवरीचा चेहरा राख फासल्यासारखा दिसतो, मान वेगळी दिसते, मेंदीचे हात तिसऱ्याच रंगाचे. यात पोरीच्या रंगाचा काही दोष नाही, निवडलेली शेडच चुकलेली असते.

फिकट फाउंडेशनने गोरेपण येतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला बहुधा आतून पिवळसर, सोनेरी झाक असते. तिलाच अंडरटोन म्हणतात. त्यावर फिकट गुलाबी शेड मिसळतच नाही, पांढुरका थर होऊन वर बसते. शेड मनगटावर बघू नये. जबड्याच्या कडेला, मानेलगत लावावी आणि दाराबाहेर उजेडात येऊन बघावी. त्वचेत दिसेनाशी होते ती आपली शेड.

इथे हळदीचा मोठा घोळ होतो. हळदीतलं कर्क्युमिन हे पिवळं रंगद्रव्य कातडीला धरतं, एका आंघोळीत सगळं निघत नाही. त्या पिवळ्या चेहऱ्यावर शेड निवडली तर ती चुकणारच. रंगचक्रात पिवळ्यासमोर जांभळा असतो आणि समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. म्हणून उरलेला पिवळेपणा फिकट जांभळ्या करेक्टरच्या अगदी पातळ हाताने उतरतो.

डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकट कन्सीलरने झाकतात, असंही मानलं जातं. निळसर काळपटावर फिकट रंग चढवला की तिथे करडेपणाच येतो. निळ्यासमोर नारिंगी असतो, म्हणून आधी गव्हाळ रंगाला पीच, सावळ्याला गडद नारिंगी करेक्टर लावावा. त्यावर त्वचेच्याच शेडचा कन्सीलर. मुरुमांच्या लालीवर हिरवा, तोही फक्त डागापुरता. थर जाड नकोच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, घामाने जाड थर फुटतो.

साडीचा चेहऱ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यातल्या रंगकामाचे प्रमुख मिशेल शेव्रल यांनी १८३९च्या ग्रंथात काय मांडलं ते बघा : शेजारचा रंग बदलला की तोच रंग वेगळा भासतो. हिरव्या शालूशेजारी गालांची लाली जास्त उठते, तेव्हा ब्लशचा हात आखडता घ्यावा.

सावळ्या मुलीला गडद लिपस्टिक शोभत नाही, हेही खोटं. मरून, विटकरी, जांभळट लाल तिच्यावर खुलतात; खडूसारखी दिसते ती फिकट गुलाबी.

१९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून टाकलं. आपल्या मांडवात मात्र ते अजून ठाण मांडून आहे. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी एवढं करावं : हळद लागण्याआधी, दिवसाउजेडी पोरीची शेड ठरवून घ्यावी आणि पार्लरवाल्या ताईला "गोरी करा" असं सांगू नये.