ओझरच्या शेजारचा रशिया

रशिया हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बर्फ, केसाळ टोप्या आणि मॉस्कोचा लाल चौक उभा राहतो. जुन्या पिढीला मॉस्कोहून येणारी प्रगती प्रकाशनाची स्वस्त मराठी पुस्तके आठवतात, अण्णा भाऊ साठे यांचा ‘माझा रशियाचा प्रवास’ आठवतो. नाशिककरांना मात्र रशिया इतका दूर शोधावा लागत नाही. आग्रा रस्त्याने वीसएक किलोमीटर गेले की ओझर लागते आणि तेथील वसाहतीला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. परक्या देशाच्या विमानाचे नाव आपल्या गावाच्या नावाला असे कायमचे चिकटून बसल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल. माझे आजोबा याच कारखान्यात फिटर होते, वडीलही तेथेच नोकरीस आहेत. म्हणून आजचा रशिया समजून घेताना ओझरपासूनच सुरुवात करावी, असे मला वाटते.

ऑगस्ट १९६२ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात मिग-२१ विमानांचा करार झाला. दोनच महिन्यांनी चीनचे आक्रमण झाले आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. १९६३ साली ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. १९६४ साली ओझरचा कारखाना उभा राहिला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. पुढील दोन दशकांत साडेसहाशेच्या घरात मिग-२१ देशात तयार झाली. त्यानंतर मिग-२७ आणि या शतकात सुखोई-३० आले. हवाई दलाने घेतलेल्या २७२ सुखोईंपैकी २२२ ची बांधणी ओझरची आहे.

एवढी विमाने घेण्यास गरीब देशाने पैसा आणला कोठून? येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबले पाहिजे. १९५३ च्या व्यापार करारानंतर सोव्हिएत संघ आपल्या मालाची किंमत रुपयांत घेऊ लागला आणि तेच रुपये आपल्याकडील चहा, कॉफी, कातडे, कापड, औषधे यांवर खर्च करू लागला. डॉलरची गरजच उरली नाही. १९७१ च्या मैत्री कराराने या व्यवहाराला राजकीय बळ दिले. व्यवस्था उत्तम चालली; मात्र ती दोन सरकारांच्या शब्दावर उभी होती. त्यातील एक सरकारच नाहीसे झाले तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नव्हता.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि तो प्रश्न समोर आला. सुट्या भागांसाठी आपल्या हवाई दलाची ओढाताण झाली, कारण एका विमानाचे भाग बनवणारे कारखाने आता निरनिराळ्या देशांत जाऊन पडले होते. जुन्या कर्जाचे रुबल रुपयांत कसे मोजायचे, हा वाद १९९३ साली येल्त्सिन दिल्लीस आले तेव्हा मिटला.

परंतु खरा आघात झाला तो खुद्द रशियातील सामान्य माणसावर. २ जानेवारी १९९२ रोजी बहुतेक किमतींवरील सरकारी बंधन उठले आणि वर्षभरात महागाई सुमारे सव्वीसपट झाली. जन्मभर पुंजी साठवलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या हाती त्या पुंजीत भाकरीसुद्धा येईना. राष्ट्रीय संपत्तीतील वाटा म्हणून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रुबलचे एक प्रमाणपत्र मिळाले. पोटाला चिमटा बसलेल्या पुष्कळांनी ते मिळेल त्या किमतीला विकून टाकले. पुढे १९९५ साली सरकारने कर्ज घेताना तेल आणि धातूंचे मोठमोठे उद्योग मूठभर धनिकांकडे तारण ठेवले, ते त्यांचेच झाले. पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९९४ पर्यंत ५८ वर्षांच्याही खाली घसरले. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारने देणी थकवली आणि रुबल कोसळला. ‘लोकशाही’ हा शब्द रशियन घरांत प्रथम आला तो असा, उपासमारीचा हात धरून! पुढील सारे राजकारण समजण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानी ठेवली तरी पुरे.

३१ डिसेंबर १९९९ रोजी येल्त्सिन पायउतार झाले आणि व्लादिमिर पुतिन आले. नेमक्या त्याच सुमारास तेलाचे भाव चढू लागले. २००८ पर्यंत रशियाचे उत्पन्न दरसाल सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढले. पगार आणि निवृत्तिवेतन वेळेवर मिळू लागले. सत्ता आणि जनता यांच्यात जणू अलिखित करार झाला: तुम्ही सुखाने संसार करा, राज्यकारभार आमच्यावर सोडा. या कराराची किंमत हप्त्याहप्त्याने वसूल झाली. २००१ साली एनटीव्ही ही स्वतंत्र दूरचित्रवाणी मालकाच्या हातून गेली. २००३ साली तेलसम्राट खोदोरकोव्स्की तुरुंगात गेले. २००४ साली प्रांतांच्या गव्हर्नरांच्या थेट निवडणुका रद्द झाल्या. २०२० च्या घटनादुरुस्तीने पुतिन यांना २०३६ पर्यंत सत्तेवर राहण्याची वाट मोकळी केली. प्रत्येक वेळी लोक म्हणाले असतील, ‘आपल्याला काय त्याचे?’

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा विचारण्याची सवयच मोडलेली होती. महिनाभरात सैन्याची ‘बदनामी’ हा गुन्हा ठरला; युद्धाविषयी ‘खोटी माहिती’ पसरविल्यास पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. सप्टेंबरमध्ये तीन लाखांची लष्करभरती जाहीर होताच हजारो तरुण सीमा ओलांडून गेले. विरोधी नेते अलेक्सेई नवाल्नी यांचा फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर ध्रुववृत्ताजवळच्या तुरुंगात मृत्यू झाला.

पाश्चात्त्य निर्बंधांमुळे रशियाची अर्थव्यवस्था तत्काळ कोलमडेल, ही अटकळ मात्र खोटी ठरली. शस्त्रांचे कारखाने तीन पाळ्यांत चालले. बेकारी तीन टक्क्यांच्या खाली गेली. २०२३ आणि २०२४ मध्ये उत्पन्न चारेक टक्क्यांनी वाढले. परंतु ही वाढ तापाने लाल झालेल्या गालांसारखी आहे. रणगाडा तयार झाला की उत्पन्नाच्या आकड्यात भर पडते. तो जळाला की कोणाचे घर भरत नाही. २०२५ च्या अंदाजपत्रकातील जवळजवळ तिसरा हिस्सा संरक्षणावर होता. महागाई आवरण्यासाठी मध्यवर्ती बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. १ जानेवारी २०२६ पासून मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला. सैन्यात नाव नोंदवणाऱ्यास मोठी रक्कम मिळते, म्हणून गरीब प्रांतांतील मुले अधिक जातात. जुना करार मोडला; आता संसारही सरकारला हवा आहे.

आपला संबंध येथेही सुटलेला नाही. २०२२ पूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांत तो तिसऱ्या हिश्शावर गेला. २०२४-२५ मध्ये उभय देशांचा व्यापार ६८.७ अब्ज डॉलर झाला, पण त्यात आपली निर्यात पाच अब्जांहूनही कमी होती. रुपयांत व्यवहार पुन्हा सुरू झाला खरा, परंतु मे २०२३ मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी सांगितले, की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये पडून आहेत आणि ते वापरता येत नाहीत. पूर्वी त्या रुपयांतून चहा-कापड जात असे. आता रशियाला घेण्याजोगे आपल्याकडे पुरेसे नाही. युद्धामुळे आपली मागणीही रखडली. रशियाकडून यायची मोठी सामग्री वेळेवर मिळणार नाही, असे हवाई दलाने २०२३ मध्ये संसदीय समितीपुढे सांगितले.

मला अस्वस्थ करणारी गोष्ट याहून जवळची आहे. आपल्या सुखोईच्याच नमुन्यावरून रशियाने स्वतःसाठी सुखोई-३० एसएम घडवले आणि ते युक्रेनविरुद्ध वापरले. ज्या विमानाच्या बांधणीवर आमच्या घराची चूल पेटली, त्याचे भावंड दुसऱ्याच्या छतावर घिरट्या घालते, हे वाचून मी ते वृत्तपत्र वडिलांपुढे ठेवले. ते एवढेच म्हणाले, ‘आपण आपल्या देशासाठी बांधलं.’ ते खरेच आहे. १९७१ मध्ये मिग-२१ ने आपल्याला तारले, हेही खरे आहे. आजोबांना नकाशे वाचायला शिकवणारा रशियन तंत्रज्ञ आणि क्रेमलिनमधील सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मैत्रीची कृतज्ञता बाळगूनही मित्राला ‘हे चूक आहे’ असे म्हणता आले पाहिजे, असे माझे मत आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ ए उडाले. वसाहतीत आनंद झाला. परंतु त्या तेजसचे इंजिन अमेरिकन आहे आणि तेही उशिरा येत आहे! एका दाराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन घर आपले होत नाही. विद्यार्थी मित्रांनो, रशियाच्या कथेतून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. महत्त्वाची वस्तू स्वतः घडवता आली पाहिजे. आणि पोट भरल्यावरही सत्तेला प्रश्न विचारण्याची सवय सोडता कामा नये. पहिली गोष्ट ओझरचे कामगार साधत आहेत. दुसरी आपल्याच महाविद्यालयाच्या वर्गांतून साधायची आहे.