सशिणीचे घरटे

घरी किंवा शाळेत पाळलेल्या सशिणीला पिल्ले झाली, की एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते : ‘आई पिल्लांकडे फिरकतच नाही!’ मग कुणी पिल्ले उचलून तिच्यापुढे ठेवते, कुणी कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजते आणि पुष्कळदा पिल्ले दगावतात. सशीण खरोखरच निष्काळजी असते का? पिल्ले होण्यापूर्वी तिने काय केले होते, ते आपण पाहू.

आपण पाळतो तो ससा मूळचा युरोपातला. आपल्या माळरानावर दिसणारा ससा त्याहून निराळा. तो बीळ करत नाही. त्याची पिल्ले उघड्यावरच जन्मतात, पण अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन. पाळीव सशाची पिल्ले मात्र जन्मतः उघडी, आंधळी आणि बहिरी असतात. स्वतःची ऊब ती फार काळ टिकवू शकत नाहीत.

सशिणीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा. मोकळ्या जागी राहणारी सशीण या काळात पिल्लांसाठी जमिनीत बीळ खणते. विण्याचे दिवस जवळ आले, की तोंडात वाळके गवत धरून आत नेते. शेवटी स्वतःच्या छातीपोटाचे केस दातांनी उपटून गवतावर मऊ अस्तर घालते. या दिवसांत ते केस सैल झालेले असल्याने सहज निघतात.

हा क्रम तिला कोण शिकवते? मेक्सिकोतील गाब्रिएला गोन्झालेस-मारिस्काल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याचा अभ्यास केला. इस्ट्रॅडिओल आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके एकत्र असताना सशीण खणते. प्रोजेस्टेरॉन घटू लागले, की खणणे थांबून गवत वाहणे सुरू होते. पुढे प्रोलॅक्टिन वाढते आणि ती केस उपटू लागते.

विल्यानंतर ती बाहेर येऊन बिळाचे तोंड मातीने बुजवते. त्यानंतर दिवसातून साधारण एकदाच, बहुधा रात्री, ती येते आणि तीन-चार मिनिटांत पाजून निघून जाते. तेवढ्यात पिल्लू स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव पट दूध पिऊ शकते! आंधळ्या पिल्लाला स्तन सापडतो तो वासावरून. दुधातील या वासाचा रेणू फ्रान्समधील बेन्वा शाल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ओळखला. आई वारंवार आली, तर तिच्या मागावर शिकारी प्राणीही येण्याचा धोका. म्हणून उरलेला सारा दिवस ऊब देण्याचे काम घरटे आणि एकमेकांना बिलगलेली भावंडे करतात.

तेव्हा विण्यापूर्वी काही दिवस सशिणीला आडोशाची पेटी आणि भरपूर वाळके गवत द्यावे. घरट्यातील केस ‘घाण’ म्हणून काढू नयेत. पिल्लू बाहेर पडले, तर ते आपणच परत आत ठेवावे. मांजरीसारखी सशीण पिल्ले तोंडात धरून नेत नाही. सकाळी पिल्लांची पोटे टम्म दिसली, तर आई रात्री येऊन गेली असे समजावे. पोटे खपाटीला गेलेली आणि कातडी सुरकुतलेली दिसली, तरच पशुवैद्यांना विचारावे.