दोघांनी वाचावे असे शहर

प्रवासास निघताना सामानाची यादी करण्याची रीत घरोघरी आहे. परंतु सोबत कोणास घ्यावे याचा विचार क्वचितच होतो. ज्याला रजा मिळाली तो सोबती झाला, इतकेच! महिना-पंधरा दिवसांच्या यात्रेत हे खपून जाते. दोन दिवसांच्या सहलीत मात्र सोबत्याची निवड गावाच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते. एवढ्या थोड्या वेळात नव्या शहरातील सारे काही पाहून होत नाही. त्यातले काय आपल्या दृष्टीस पडावे, हे पुष्कळसे शेजारून चालणाऱ्या माणसावर अवलंबून असते.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने आपला प्रांत सोडून दूर राहत आहेत. कचेरीत, शाळेत, शेजारच्या बिऱ्हाडात निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे त्यांना रोज भेटतात. त्यांपैकी एखादा तमिळ जाणणारा स्नेही आपणांस असेल, तर त्याला बरोबर घ्या आणि दोन दिवसांसाठी तंजावरला जा. चेन्नईहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी तंजावरला उतरता येते. हे शहर असे आहे, की एकट्या माणसाला ते अर्धेच वाचता येते.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर बृहदीश्वराच्या मंदिरात जावे. ऊन चढल्यावर अनवाणी पायांना फरसबंदी सोसवत नाही आणि दुपारी गाभारा काही काळ बंदही असतो. चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविलेले हे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरील शिखर, सुमारे ६६ मीटर उंच आहे. भोवतालचा सारा प्रदेश कावेरीच्या गाळाचा, भातशेतीचा. जवळपास दगडाची खाण नाही. तरीही संपूर्ण मंदिर कठीण ग्रॅनाइट पाषाणाचे आहे, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे बांधणाऱ्यांच्या कर्तृत्वाची कल्पना येते. १९८७ मध्ये या मंदिराचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे आपणांस तेथे कोणीतरी हटकून सांगेल. वाद घालू नये. मित्रासह अंगणात थोडे चालावे आणि सावली कोठे पडली आहे ते दोघांनी डोळ्यांनी पाहून घ्यावे. ती पडते. ऐकलेले आणि पाहिलेले यांतील अंतर मोजण्याची ही सवय पहिल्याच सकाळी लागली, तर पुढचे दोन दिवस फार सुखाचे जातात.

आता मान खाली करून मंदिराच्या जोत्याकडे पाहा. तेथे ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. आपल्या दृष्टीला ती केवळ सुबक नक्षी वाटेल. पण येथे मित्राला पुढे होऊ द्यावे. ती प्राचीन तमिळ अक्षरे आजच्या तमिळ लिपीची पूर्वज आहेत. सगळा मजकूर त्यालाही लागणार नाही. तथापि एखादे अक्षर, एखादे नाव ओळखू आले, की त्याच्या मुद्रेवर जो आनंद उमटेल तो पाहण्यासारखा असतो. राजराजाने दिलेली दाने, त्याची थोरली बहीण कुंदवै हिने दिलेली दाने, राण्यांनी आणि इतरांनी दिलेली दाने या सर्वांची येथे नोंद आहे. मंदिराच्या सेवेस आणलेल्या चारशे नर्तकींची नावे, त्या कोठून आल्या, कोणत्या रस्त्यावर कितव्या घरात राहत होत्या, हे सारे त्यात आहे. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात मिळावे, असा नियमही लिहिलेला आहे. सम्राटाच्या पराक्रमाशेजारी त्या स्त्रियांची नावे हजार वर्षे टिकून राहिली आहेत.

त्याच आवारात, नैऋत्येकडील भिंतींवर, आपली पाळी येते. येथील अक्षरे देवनागरी आणि भाषा मराठी! आता मित्र मुकाट्याने उभा राहील आणि वाचणारे आपण असाल. सरफोजी राजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरविलेला हा भोसले वंशाचा इतिहास मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख गणला जातो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला आपले राज्य स्थापिले. १८५५ मध्ये राजाला पुत्र नसल्याचे निमित्त करून इंग्रजांनी ते खालसा करीपर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे, कावेरीकाठी मराठी ही दरबारची एक भाषा होती. लेखाची भाषा जुन्या वळणाची आहे. सावकाश, बोट फिरवीत वाचावी लागते. वाचलेले मित्राला हिंदीत, इंग्रजीत, जसे जमेल तसे सांगावे. एकाच मंदिराच्या दगडांवर दोघांनी आपापली भाषा शोधून परस्परांना ऐकविली, म्हणजे पहिल्या दिवसाचे सार्थक झाले असे समजावे.

दुपारी पानावरचे जेवण घ्यावे. सांबार वाढले, की त्याचे नाव संभाजी राजांवरून पडले ही कथा निघणारच. ती रुचकर आहे. सावलीच्या कथेप्रमाणे तीही कथा म्हणूनच ऐकावी. जेवणानंतर राजवाड्याकडे वळावे. नायक राजांनी त्याचा आरंभ केला आणि मराठ्यांनी तो वाढविला. येथे तिसऱ्या भाषेची गाठ पडते. नायक राजे तेलुगू साहित्याचे चाहते होते आणि त्यांच्यामागून आलेल्या मराठी राजांनी ती आवड मोडली नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी तेलुगूत रचना केल्या आणि मराठीत नाटकेही लिहिली. विष्णुदास भावे यांनी सांगलीस १८४३ मध्ये नाटक उभे केले हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरला मराठी नाटके लिहिली जात होती.

राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. त्यांत तिरुवेंकाडू येथे सापडलेली वृषभवाहन शिवाची मूर्ती अवश्य पाहावी. शिव जणू बैलाला टेकून उभा आहे; पण आज बैल तेथे नाही. तरीही हाताच्या ठेवणीवरून तो दिसू लागतो. येथे दोघांनीही काही बोलू नये. सोबत्याचे मोल जसे बोलण्यात, तसे न बोलण्यातही असते.

दुसरा दिवस सरस्वती महाल ग्रंथालयासाठी राखावा. सुटीचा वार आधी विचारून घ्यावा. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या सरफोजी राजांनी हे ग्रंथालय नावारूपास आणले. १९१८ मध्ये ते जनतेसाठी खुले झाले. ताडपत्रांवरील आणि कागदांवरील हजारो संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते तेथे आहेत. सरफोजींची जिज्ञासा विलक्षण होती. श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली ते इंग्रजी शिकले. नेत्ररोग्यांच्या तपासणीच्या नोंदी आणि डोळ्यांची चित्रे त्यांनी करवून ठेविली. आपल्या छापखान्यात त्यांनी देवनागरी लिपीतील ग्रंथ छापविले; इसापनीतीचा मराठी अनुवाद तेथून १८०६ मध्ये बाहेर पडला. पृथ्वीचा भूगोल नृत्यनाट्यातून शिकविता यावा म्हणून त्यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. तिचा नाट्यप्रकार तमिळ आणि भाषा मराठी. जी दोन टोके आपण आणि आपला मित्र मिळून जुळवीत आहात, ती या राजाने एकट्याने जुळविली होती.

ग्रंथालयात जपलेल्या मोडी कागदांपाशी आपल्या मराठीचा अभिमान जरासा थबकेल. राज्याचा रोजचा हिशेब, पत्रे, देणग्या, पगार हे सारे मराठीत असूनही ते मोडी लिपीत आहे. भाषा आपली, पण आपल्यापैकी बहुतेकांना त्यातील एक ओळही वाचता येत नाही. गंमत पाहा! तंजावरलाच १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळ विद्यापीठाने अशा मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनी काय लिहून ठेवले, हे आता आपला तमिळ मित्र आपल्याला वाचून दाखवू शकतो! काल भिंतीपाशी त्याला आपली गरज होती. आज आपल्याच भाषेसाठी आपल्याला त्याची गरज लागते. याहून मोठा धडा दोन दिवसांत कोणते शहर देईल?

सायंकाळी बसने तिरुवैयारूला जावे. अंतर सुमारे तेरा किलोमीटर. वाटेत कावेरीच्या शाखा आणि भाताची हिरवी खाचरे लागतात. पाच नद्यांवरून या गावाला हे नाव मिळाले आहे. संत त्यागराज (१७६७–१८४७) येथे राहिले आणि येथेच नदीकाठी त्यांची समाधी आहे. तमिळ मुलखात, मराठ्यांच्या राज्यात राहून त्यांनी रचना केल्या त्या मुख्यतः तेलुगूत. समाधीचे मंदिर बंगळूरच्या नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या पैशांतून उभारले. पौष वद्य पंचमीला येथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या कृती गातात. इतर दिवशी मात्र येथे शांतता असते. नदीच्या पायऱ्यांवर बसून दोघांनी आपापल्या वह्या काढाव्या आणि कोणाला काय दिसले ते एकमेकांना वाचून दाखवावे. एकच शहर दोन वह्यांत किती वेगळे उतरले आहे, हे पाहून नवल वाटेल.

परतीच्या गाडीत एक करार अवश्य करावा. मित्राने आपल्याला तमिळची अक्षरे शिकवावी आणि आपण त्याला देवनागरी शिकवावी. त्याला देवनागरी आधीच येत असेल, तर दोघांनी मिळून मोडीचा श्रीगणेशा करावा. मोडी शिकण्याची पुस्तके मराठीत उपलब्ध आहेत; घरातील मुलांनाही हा खेळ आवडेल. जुने कागद वर्षानुवर्षे जीर्ण होत चालले आहेत आणि ते वाचणारे थोडे आहेत. त्या थोड्यांत आपल्या घरातील एकाची भर पडली, तर तंजावरच्या कपाटातील एखादे दप्तर पुढेमागे त्याच्या हाताने उघडले जाईल.