दवाच्या साच्यातली जाळी

थंड आरशावर तोंडाची वाफ सोडली की आरसा धुरकट होतो. कारण विचारले तर 'वाफेचे पाणी झाले' असे उत्तर वर्गातून मिळते. हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. पाण्याचा सलग पातळ थर पारदर्शक असतो. मग आरसा धुरकट का दिसावा? कारण हे पाणी थर होऊन पसरत नाही. ते असंख्य सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसते आणि प्रत्येक थेंब प्रकाश निरनिराळ्या दिशांना विखुरतो.

या 'श्वासाकृतीं'वर लॉर्ड रॅले यांनी १९११ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिले होते. काचेवरून बारीक ज्योत फिरवून, काच थंड झाल्यावर तिच्यावर वाफ सोडली, तर ज्योतीच्या वाटेवर धूसरपणा येत नाही. तेथे पाणी थेंब न होता पसरते. म्हणजे थेंब कोठे व कसे बसतील हे पृष्ठभागच ठरवतो. बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हेच थेंब पुढे साचा म्हणून उपयोगी पडले.

सुईविना छिद्रे

थर्माकोल ज्यापासून बनते ते पॉलिस्टायरीन हे आपल्या ओळखीचे बहुवारिक. त्याच्या पातळ पापुद्र्याला एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्या व्यासाची छिद्रे पाडायची आहेत असे समजू. छिद्रे एकसारखी हवीत आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये काही कोटी हवीत. इलेक्ट्रॉनांच्या झोताने ती कोरता येतात, पण ते काम खर्चाचे आणि वेळखाऊ असते.

फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे फ्रान्स्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक वेगळाच मार्ग दाखवला. त्यांनी पॉलिस्टायरीन कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवले, ते द्रावण पृष्ठभागावर पसरले आणि त्यावरून दमट हवा सोडली. द्रावक उडून गेल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणीची जाळी शिल्लक राहिली. छिद्रांचा व्यास ०.२ ते १० मायक्रोमीटर होता. सर्वांत लहान छिद्रे म्हणजे केवळ २०० नॅनोमीटर.

काय घडते?

कार्बन डायसल्फाइड ४६ अंश सेल्सियसलाच उकळते, त्यामुळे त्याचे बाष्पीभवन झपाट्याने होते. त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा द्रावणातूनच घेतला जातो आणि द्रावणाचा पृष्ठभाग थंड होतो. हाताला स्पिरिट लावल्यावर गार वाटते, तसेच हे. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूखाली गेले की दमट हवेतील बाष्पाचे तेथे सूक्ष्म थेंब होतात. ते वाढतात, एकमेकांजवळ सरकतात आणि कॅरमच्या सोंगट्या दाटीने मांडाव्यात तसे षट्कोनी रचनेत बसतात. द्रावक संपतो, बहुवारिक थेंबांभोवती घट्ट होते. शेवटी पाणीही उडून जाते. साचा आपणहून निघून जातो. मागे छिद्र राहते.

येथे जाणकार विद्यार्थी शंका काढील. आरशावरचे थेंब वाढता वाढता एकमेकांत मिसळतात; मग हे का मिसळत नाहीत? सगळी मदार याच प्रश्नावर आहे, कारण थेंब मिसळले तर लहानमोठी, वेडीवाकडी भोके पडतील. पॉलिस्टायरीन पाण्यात विरघळत नाही. थेंब आणि द्रावण यांच्या सीमेवर ते साचते आणि प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण तयार करते. फ्रान्स्वा यांच्या गटाने वापरलेल्या बहुवारिकांपैकी एकाचे रेणू ताऱ्यासारखे, म्हणजे एका केंद्राला अनेक साखळ्या जोडलेले होते. असे रेणू हे आवरण चांगले धरतात. साध्या सरळ साखळ्यांपासून नियमित जाळी मिळवणे अवघड जाते.

आपल्या हातात काय?

हवा अधिक दमट असेल तर छिद्रे सहसा मोठी होतात. हवेचा झोत किंवा द्रावणातील बहुवारिकाचे प्रमाण वाढवले तर ती लहान होतात. अमेरिकेतील श्रीनिवासराव आणि सहकाऱ्यांनी २००१ साली द्रावकाच्या घनतेकडे लक्ष वेधले. टोल्यूइन पाण्याहून हलके, म्हणून थेंब त्यात बुडतात, वर नवा थर जमतो आणि छिद्रांचे थरावर थर मिळतात. कार्बन डायसल्फाइड पाण्याहून जड, म्हणून थेंब तरंगतात आणि एकच थर मिळतो. पुढील सर्व निरीक्षणे मात्र केवळ घनतेने उलगडत नाहीत.

अशी जाळी गाळणी म्हणून किंवा पेशी वाढवण्यासाठी आधार म्हणून वापरून पाहिली गेली आहे. जपानमध्ये शिमोमुरा आणि याबू यांनी तिचा वरचा थर चक्क चिकटपट्टीने सोलून काढला. छिद्रांमधले खांब तुटून अतिसूक्ष्म सुळक्यांचे शेत उरले. असा पृष्ठभाग पाण्याला जवळजवळ चिकटूच देत नाही. मात्र छिद्रे शंभर नॅनोमीटरच्या खाली नेऊ लागलो की नियमितपणा टिकवणे कठीण होते.

वर्गात करून पाहा

कार्बन डायसल्फाइड विषारी व अतिशय ज्वालाग्राही आहे. त्याचा प्रयोग शाळेत मुळीच करू नये. त्याऐवजी आरशाच्या अर्ध्या भागावर कोरडा साबण घासा आणि डाग दिसेनासा होईपर्यंत कापडाने पुसा. आता संपूर्ण आरशावर वाफ सोडा. कोणता अर्धा भाग स्वच्छ राहिला? दुसऱ्या भागावरचे थेंब भिंगातून पाहा आणि ते कसे वाढतात, कधी एकमेकांत मिसळतात याची नोंद करायला विद्यार्थ्यांना सांगा.