नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत मुलाचे नाव ठेवणे वेगळे आणि आईला नावे ठेवणे वेगळे. एका दुर्मिळ व्याधीच्या बाबतीत पहिले नीट झाले तर दुसरे टळेल, असे मला वाटते.

काही अर्भके जन्मतःच मांजराच्या पिलासारखी बारीक, चिरक्या आवाजात रडतात. वजन कमी, डोके लहान, दूध ओढण्याची ताकद नाही. फ्रान्सचे डॉ. जेरोम लेज्यून यांनी १९६३ साली या बालकांचे वर्णन करून व्याधीला फ्रेंच नाव दिले, 'क्री द्यु शा'. म्हणजे मांजराचे रडणे. आम्हां कला शाखेच्या मंडळींना हे नाव काव्यमय वाटेल, परंतु ते अपुरे आहे. स्वरयंत्राच्या घडणीमुळे येणारा तो आवाज मूल वाढू लागले की बहुधा जातो, व्याधी राहते.

म्हणून वैद्यकाने दुसरे नाव योजले. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. गुणसूत्राच्या आखूड भुजेस 'पी' म्हणतात. या बालकांत पाचव्या जोडीतील एका गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळालेला असतो, म्हणून '५ पी उणे'. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत याचा क्रमांक क्यू ९३.४. रूक्ष खरा, पण त्यात कोणाला बोल नाही!

साधारण १५ ते ५० हजार जन्मांत असे एखादे मूल. बहुतेकदा ही तूट बीजपेशी घडताना आपोआप होते. आमच्या हिंगोली जिल्ह्यात ग्रहणात गरोदर बाईला विळी धरू देत नाहीत, आणि मूल अधू निघाले की तिलाच विचारतात, "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" वस्तुतः अशा बहुसंख्य मुलांत तुटलेले गुणसूत्र बापाकडून आलेले आढळते. दोष अर्थात त्याचाही नाही. दहा-पंधरा टक्के कुटुंबांत मात्र आईबापांपैकी एकाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल असते. तो स्वतः धडधाकट, पण पुढच्या अपत्याला धोका. म्हणून दोघांचेही रक्त तपासावे लागते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या व्याधींच्या यादीत डाऊन सिंड्रोमचे नाव आहे, याचे नाही. तरी वाढीतील विलंब या सदराखाली अंगणवाडीत येणाऱ्या पथकाला असे मूल दाखवता येते. गळालेला तुकडा परत जोडता येत नाही. परंतु व्यायाम आणि वाचा-उपचार लवकर सुरू झाले तर पुष्कळ मुले चालू लागतात. बोलता येते त्याहून त्यांना कळते अधिक, म्हणून खुणांची भाषा घरातल्या सर्वांनीच शिकावी लागते.